इंजिन तापलं, लाल दिवा लागला: आता काय कराल?

‘लाल दिवा लागलाय, पण गाडी तर व्यवस्थित चालतेय. घरापर्यंत न्यावी का?’ ऊन वाढलं, लग्नसराई आणि गावाकडच्या फेऱ्या सुरू झाल्या की वाचकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. त्याच्या जोडीला आणखी दोन येतात: ‘थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर बदलला, तरी गाडी तापतेच, आता काय बदलू?’ आणि ‘इंजिन उघडावं लागेल म्हणतात, खरंच लागेल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मर्यादेबाहेर तापलं की हेड वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट जळतं. हे होईपर्यंत गाडी नेहमीसारखीच चालते, म्हणूनच माणूस फसतो. पंख्याच्या काही शे रुपयांच्या रिलेचं काम हजारो रुपयांच्या इंजिनकामावर जातं ते बहुतेक वेळा दिवा लागल्यानंतर चालवलेल्या दोन-चार किलोमीटरांत.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र तुमच्या निरीक्षणावर अवलंबून आहेत. गाडी *कधी* तापते हे तुम्हाला नेमकं सांगता आलं, तर अंदाजाने भाग बदलण्याची वेळ सहसा येत नाही.

कोणता दिवा काय सांगतो

- लाल थर्मामीटर (लाटांवर उभी असलेली पट्टी): इंजिनातलं कूलंट धोक्याच्या पातळीपर्यंत तापलं आहे. काही गाड्यांत हा दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकतोय म्हणजे अजून वेळ आहे, असं समजू नका.
- निळा थर्मामीटर: इंजिन अजून थंड आहे. यात काळजीचं काही नाही, फक्त लगेच जोरात पळवू नका.
- पिवळं इंजिन: संगणकाने कुठेतरी दोष नोंदवला आहे. एकटाच असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लाल थर्मामीटरसोबत असेल तर नेऊ नका.
- तेलाच्या बुधलीचा लाल दिवा: ऑइलचा दाब नाही. इंजिन त्याच क्षणी बंद करा. इथे मिनिटाचीही सवलत नाही.
- बॅटरीचा लाल दिवा, सोबत तापमान वाढलेलं: पट्टा तुटला असण्याची दाट शक्यता. ज्या गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, तिथे कूलंटचं फिरणंच थांबलेलं असतं.

अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त हा दिवा असतो. म्हणजे सूचना मिळते तीच उशिरा. अशा गाडीत एका खुणेकडे लक्ष ठेवा: चढावर एसी अचानक कोमट हवा फेकू लागला, तर इंजिनावरचा भार कमी करण्यासाठी संगणकाने कॉम्प्रेसर बंद केलेला असू शकतो. एसीचा गॅस संपला असेल असं म्हणून पुढे जाण्याआधी थांबून बघा.

काटा असेल तर आणखी एक गोष्ट जाणून घ्या. वर चढलेला काटा काही कारण नसताना एकदम खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट सगळं सांडून गेलं असेल तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि खोटं तापमान दाखवतो.

दिवा लागला त्या क्षणी

1. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात सुरू करा. मे महिन्यात हा सल्ला विचित्र वाटेल, पण हीटरची छोटी जाळी हा इंजिनाचा दुसरा रेडिएटरच असतो. काचा उघडा.
2. पार्किंगचे चारही दिवे लावून डावीकडे या. जागा सपाट आणि रस्त्याच्या कडेपासून शक्य तितकी आत असावी. घाटात वळणावर थांबू नका, वळण ओलांडून थांबा.
3. इंजिन बंद करा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत, वाफ नसेल तर थोडा वेळ न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा, असं सांगितलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर ते पाळा. पण वाफ निघतेय, खाली पाणी गळतंय, पंखा फिरत नाही किंवा पट्टा तुटलाय, यांतलं काहीही दिसलं तर इंजिन बंदच करा.
4. चावी ‘ऑन’वर ठेवून पाहा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा फिरत राहतो आणि रेडिएटर थंड करतो.
5. द्रुतगती मार्गावर असाल तर सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणीबाणीत कुठेही ११२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. त्यांचे मदत क्रमांक रस्त्याकडेच्या फलकांवर असतात, ते निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.

बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. उघडल्यावरही हात पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी तो आपोआप सुरू होऊ शकतो.

झाकणाला हात लावण्याआधी

रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आतला दाब साधारण एक बारने वाढवून ते पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून १२० अंशांच्या आसपास नेतं. गरम असताना झाकण उघडलंत की तो दाब एका क्षणात जातो, आतलं पाणी उसळून उकळतं आणि तोंडावर, हातांवर येतं. या भाजण्याच्या जखमा फार वाईट असतात. त्यामुळे हा नियम कुणाच्याही घाईसाठी मोडू नका. मदतीला आलेला ट्रकवाला ‘मी रोज उघडतो’ म्हणाला तरीही नाही.

किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी पाइप बोटांनी दाबून पाहा. तो हाताला सोसेल इतका निवला आणि मऊ लागला तरच जाड फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग पूर्ण काढा. अनेक गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतंच, कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर असतं. त्याला हाच नियम लागू.

पाणी घालायचं तर हळूहळू, थोडं थोडं घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. वरून बादल्या ओतून इंजिन ‘थंड करणं’ तर त्याहून वाईट: तडा जाण्याची भीती आहेच, शिवाय सेन्सर आणि वायरिंगच्या जोडांत पाणी शिरतं. अडचणीच्या वेळी पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालतं, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

पाणी भरल्यावर गळती दिसत नसेल, तर एसी बंद आणि हीटर चालू ठेवून, कमी वेगात जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. वाटेत दिवा पुन्हा लागला की प्रयोग संपला, गाडी उचलून न्या. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवून न्या. आणि टोइंगचे पैसे, अंतर आणि कुठे नेणार हे गाडी चढवण्याआधी फोनवर लेखी घ्या. अडलेल्या माणसाकडून अवाच्या सवा पैसे घेतले जातात ते हे आधी न ठरवल्यामुळे.

गाडी कधी तापते? खरं निदान इथे आहे

इंजिन सुरू झाल्यावर कूलंट आधी आतल्या आत फिरतं. साधारण ८२ ते ९० अंशांना थर्मोस्टॅट वॉल्व्ह उघडतो आणि ते रेडिएटरमध्ये जाऊ लागतं. वॉटर पंप (गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी) ते ढकलतो. गाडी पळत असताना वारा आणि थांबलेली असताना पंखा ते निववतो. निदानापुरतं एवढं माहीत असलं तरी बास.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो. इथे संशय पंख्यावर. वेगात वारा पंख्याचं काम करतो, म्हणून गाडी तिथे ठीक वाटते. सोपी चाचणी: गाडी उभी असताना इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग जोड आणि वायर, आणि सगळ्यात शेवटी मोटर, या क्रमाने बघायला सांगा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि नेमक्या या वायरी कुरतडतात. जळालेला फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा लावा, मोठा लावलात तर वायरिंग जळेल. काही जीपवजा गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो. तिथे त्याचा व्हिस्कस क्लच सैल पडलेला असतो.

गावात ठीक, पण महामार्गावर शंभरच्या पुढे तास-दीड तास चालवली की तापते. इथे पंखा सहसा निर्दोष असतो. कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा पुरेसं निवत नाही. रेडिएटर आतून क्षाराने भरलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा पाइप मऊ होऊन वेगात आत चिकटणारा, ही नेहमीची कारणं. शेवटचं कारण उभ्या गाडीत दिसत नाही, म्हणून निसटतं. इंजिनाचा वेग वाढवून खालच्या पाइपाकडे बघायला मेकॅनिकला मुद्दाम सांगा. उन्हाळ्यात समृद्धीवरून विदर्भात जाणाऱ्यांना हे दुखणं पहिल्यांदा कळतं, कारण इतका वेळ इतक्या सलग वेगाने गाडी आधी कधी चाललेलीच नसते.

फक्त घाटात तापते. बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबोली, कुठेही. घाटात इंजिनावर भार मोठा, वेग कमी, त्यामुळे वारा नाही. त्यात सुट्टीची रांग असली तर चढावर थांबत-सरकत जाणं. ठणठणीत गाडी हेही सोसते. नाही सोसत, तर शीतलन कुठेतरी काठावर आलं आहे. आधी रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी बघा. कोकणातली लाल माती, किडे, ऊसवाहतुकीच्या दिवसांतला पाचोळा यांनी या जाळ्या भरतात. त्या आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि दुखणं वाढतं. क्लच घसरतोय का आणि एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटलाय का, हेही तपासा. एकच चाक फार गरम लागणं, जळका वास येणं ही त्याची खूण. घाट चढताना पहिला-दुसरा गिअर वापरा, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, रांगेत हँडब्रेक लावा, आणि काटा वर सरकू लागताच एसी बंद करा.

सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांत तापते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पंप फिरत नाही, आत हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय. वरचा पाइप कडकडीत आणि खालचा गार असेल तर कूलंट रेडिएटरमधून पुढे जातच नाही. तेव्हा थर्मोस्टॅट आधी तपासा.

काटा वर-खाली होतो, हीटर लावला तर गार हवा येते. कूलंट कमी आहे किंवा एअर लॉक झालाय. नुकतंच कूलंट बदललं असेल, पाइप बदलला असेल, तर हवा नीट काढली नाही हेच कारण असतं.

सकाळी थंड गाडी सुरू करताच दिवा लागतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी एका मिनिटात तापू शकत नाही. सेन्सर, त्याची वायर किंवा जोड बघा. ओबीडी स्कॅनर असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनात कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. ते उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचं सर्किट तुटलं आहे. मात्र ‘सेन्सरच खराब असेल’ हा निष्कर्ष स्वतःच्या सोयीसाठी काढू नका. दिवा चालता चालता लागला असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत इंजिन खरंच तापलंय असंच धरा.

स्कॅनरवर कोड आला तर लिहून घ्या. पी०२१७ म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर तापल्याची नोंद. पी०११५ ते पी०११८ कूलंट सेन्सरच्या सर्किटचे. पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तितकं गरमच होत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. पी०४८० पंख्याच्या सर्किटचा. कोड कुठला भाग बदला ते सांगत नाही, फक्त गडबड कुठे दिसली तेवढं सांगतो. कोड पाहून थेट भाग मागवणाऱ्या मेकॅनिकला आधी तो भाग तपासायला लावा.

सीएनजी असेल तर

सीएनजी किटच्या रिड्यूसरला गोठू नये म्हणून इंजिनाचंच गरम कूलंट दिलेलं असतं. बाहेरून किट बसवताना हीटरच्या पाइपांत टी-जोड घातले जातात. किट बसवल्यानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाडी तापू लागली, तर रेडिएटरवर खर्च करण्याआधी हे जोड आणि त्यांच्या क्लिपा बघा. तिथली बारीक गळती थेंबाने दिसत नाही, वाळलेला रंगीत डाग दिसतो. जोडणी करताना अडकलेली हवाही तशीच राहिलेली असते.

हेड गॅस्केट गेलंय का?

‘इंजिन उघडावं लागेल’ हे वाक्य खरं की घाईचं, हे ठरवण्याच्या खुणा आहेत:

- इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर.
- ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग. फक्त झाकणाखाली थोडा पांढरा थर असेल, तर तो पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्यांच्या दमटपणाचाही असू शकतो. डिपस्टिक महत्त्वाची.
- इंजिन सुरू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे.
- थंड गाडी सुरू करताच मिनिटभरात पाइप दगडासारखे कडक.
- बाहेर कुठेही गळती नाही, तरी कूलंट कमी होतं.

यांतली एखादी खूण दिसली म्हणून हेड उतरवायला परवानगी देऊ नका. आधी शीतलन यंत्रणेची प्रेशर टेस्ट, टाकीच्या तोंडावर धरायची रासायनिक चाचणी (ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं) आणि कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. हेड उतरवण्याच्या मानाने या चाचण्यांचा खर्च किरकोळ असतो. डिझेल गाडीत ईजीआर कूलर आतून फुटला तरी कूलंट असंच गुपचूप कमी होतं आणि पांढरा धूर येतो. तो कूलर न तपासता हेड उघडणं म्हणजे तुमच्या पैशाने केलेला अंदाज.

हेड उतरवलंच तर ते सपाट आहे का, हे मोजून दाखवायला सांगा, तडा तपासून घ्या आणि फेसिंग केल्यावर किती घासलं ते बिलावर लिहून घ्या. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे घासलेलं हेड परत बसवणं हे काम नव्हे.

हे उपाय करू देऊ नका

गॅरेजांत काही उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण आजच्या इंजिनांना ते मानवत नाहीत.

थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्या हवेत लागतोच कुठे’ असं सांगितलं जातं. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, संगणक जास्त इंधन देत राहतो, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. काही इंजिनांत हाच वॉल्व्ह गरम झाल्यावर आतली पळवाट बंद करतो. तो काढला की कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून फिरतो आणि गाडी भाराखाली उलट अधिक तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदला, काढू नका.

पंखा डायरेक्ट करणं. रिले आणि सेन्सर वगळून पंखा थेट चालू ठेवला जातो. रात्री महामार्गावर अडकलात तर घरी पोहोचण्यापुरता उपाय म्हणून मी तो मान्य करेन. कायमचा केलात तर मोटर लवकर जाते, वायर तापते, आणि मूळ दोष झाकला जातो.

हळद किंवा गळती थांबवणारी पूड टाकणं. रेडिएटरच्या गळतीवर हळद टाकण्याची युक्ती सर्वत्र ठाऊक आहे आणि गळती काही काळ थांबतेही. पण जी पूड भोक बुजवते तीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. टाकलीच असेल तर गॅरेजमध्ये लपवू नका, सांगून पूर्ण फ्लश करून घ्या.

बोअरचं पाणी भरणं. कठीण पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि साध्या पाण्याने गंज चढतो. कूलंट थंडीच्या प्रदेशासाठी असतं, हा गैरसमज आहे. त्यातली गंजरोधक द्रव्यं आणि वाढलेला उत्कलनबिंदू आपल्यालाच जास्त हवा. घट्ट कूलंट घेतलंत तर ते डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्यात, डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका.

रंग बघून कूलंट घेणं. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपन्यांनी आपापल्या पसंतीने दिलेले असतात, त्यांना एक मानक नाही. पुस्तिकेतला प्रकार बघा. आधीचं कुठलं आहे ते माहीत नसेल तर वरून भर न घालता पूर्ण काढून नवं भरा.

काढलेलं कूलंट अंगणात, गटारात ओतू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. लहान मुलांनाही तोच धोका.

गॅरेजमध्ये जाताना

हे लिहून न्या: दिवा कुठे, किती वेगात लागला, एसी चालू होता का, उभ्या गाडीत काटा वाढतो की उतरतो, पंखा फिरताना ऐकू आला का, कूलंट किती कमी झालं आणि किती दिवसांत, अलीकडे काय काम झालं, दिवा लागल्यावर गाडी किती चालवली. शेवटचं उत्तर खरं द्या. ते लपवलंत तर मेकॅनिक वरवरचं कारण दुरुस्त करेल आणि वाकलेलं हेड तसंच राहील.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जावी: कूलंटची पातळी आणि गळती, झाकण, पंखा, जाळ्या, पाइप, थर्मोस्टॅट, पंप, आणि शेवटी हेड. झाकण छोटं म्हणून विसरलं जातं. त्याची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. हे बदलणं सगळ्यात स्वस्त, म्हणून संशय आला तर आधी तेच बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल आणि बदलायचा ठरला, तर बेल्ट आणि टेन्शनरही सोबतच बदला, मजुरी एकदाच लागते.

जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि ‘यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी विचारावं’ ही ओळ त्यावर असू द्या. काढलेले जुने भाग परत मागा. गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या मालकासोबत किमान अर्धा तास फेरी मारा, त्यातला काही वेळ ट्रॅफिकमध्ये एसी लावून.

वॉरंटी, विमा आणि तक्रार

वॉरंटी. कूलंट वेळेवर न बदलणं, दिवा लागूनही गाडी चालवणं या कारणांनी दावा नाकारला जातो. दिवा कधी लागला आणि गाडी कधी थांबली हे अनेकदा संगणकात नोंदलेलं असतं. म्हणून थांबलात त्या जागेचा, डॅशबोर्डचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो लगेच काढा. सर्व्हिसची बिलं जपा.

विमा. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई नसते. इंजिन नुसतं तापून गेलं तर दावा मंजूर होणार नाही. मात्र दगड लागून किंवा धडकेत रेडिएटर फुटला, तर तो अपघाताचा दावा आहे. इथे एक मोठी अट लक्षात ठेवा: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवल्यामुळे वाढलेलं नुकसान विमाधारकाच्या माथी येतं. म्हणजे रेडिएटर फुटलेली गाडी चालवत नेऊन इंजिन गेलं, तर रेडिएटरचे पैसे मिळतील, इंजिनाचे नाही. इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी घेतली असेल तर ती कोणत्या कारणांना लागू आहे ते शब्दशः वाचा, आणि रस्त्यावरच्या मदतीच्या जोडपॉलिसीत टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे तेही बघा. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

गॅरेजशी वाद. बिल न देणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. ‘बिल हवं तर जीएसटी लागेल’ हे ऐकून बिल सोडू नका, त्याच्याशिवाय पुढची प्रत्येक तक्रार लंगडी पडते. बिलावरून वाद झाला आणि गॅरेजने गाडी अडवून ठेवली, तर भांडण वाढवण्याआधी हे जाणून घ्या: केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिलेला आहे. त्यामुळे ‘आक्षेप राखून पैसे देत आहे’ असं बिलावर आणि संदेशात लिहा, पैसे शक्यतो ऑनलाइन द्या, गाडी ताब्यात घ्या आणि मग तक्रार करा.

पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरीही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारेही ग्राहक ठरतात, त्यांना ‘व्यावसायिक वापर’ सांगून परत पाठवता येत नाही.

तक्रारीसोबत जॉबकार्ड, लेखी अंदाज, बिल, फोटो आणि दुसऱ्या स्वतंत्र मेकॅनिकचा सहीचा अहवाल जोडा. हा अहवाल गाडी पुन्हा दुरुस्त करण्याआधी घ्यायचा असतो, आणि जुने भाग निकाल लागेपर्यंत टाकून द्यायचे नसतात.